श्रद्धा सुटलेला मुलगा, श्रद्धाळू बाप आणि मधलं खोटं : अशी कादंबरी कशी लिहावी

मुलाचा देवावरचा विश्वास उडाला आहे, बाप पक्का धार्मिक आहे आणि मुलगा ही गोष्ट बापापासून लपवतो. एवढ्या बीजावर कादंबरी लिहायला घेणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले बरेच तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी अडकतात. शंका मनात चालते, तिला स्वतःची अशी घटना नसते. मुलगा वीस पानं विचार करतो, रात्र-रात्र जागतो, आणि गोष्ट मात्र होती तिथेच असते.

यातून सुटायचा खात्रीचा रस्ता म्हणजे कादंबरी शंकेवर न उभारता खोट्यावर उभारणं. मुलाला शंका आली हे कुणाला दिसत नाही. तो प्रार्थनेला बसून नुसते ओठ हलवतो, हे दिसतं. तिथे पकडलं जाण्याची भीती आहे, पाहणारं कुणीतरी आहे, उद्या पुन्हा तेच करावं लागणार आहे. म्हणजे कथानक सुरू झालं. पुढची सगळी पद्धत याच समजुतीवर बेतलेली आहे.

आधी शंका नेमकी करा

‘देव आहे की नाही’ हा प्रश्न कादंबरीला पेलत नाही, कारण त्याला जागा नाही आणि वेळ नाही. विश्वास कुठल्यातरी एका ठिकाणी तुटतो. ते ठिकाण शोधायचं.

साधारणपणे चार ठिकाणं सापडतात. जवळच्या माणसासाठी मनापासून केलेली प्रार्थना फळाला आली नाही, हे पहिलं. अशा शंकेत राग असतो आणि तो राग आयताच बापाकडे वळतो. ग्रंथातली विसंगती हे दुसरं. यात युक्तिवाद भरपूर मिळतो, पण प्रसंग कोरडे पडण्याचा धोका असतो. धर्म शिकवणाऱ्या माणसांचं वागणं हे तिसरं. कथानक यात सर्वांत सोपं जातं, मात्र वाचक विचारतो की ही माणसं चांगली निघाली असती तर याची श्रद्धा टिकली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर तुमची कादंबरी शंकेची नाही, ती अपेक्षाभंगाची आहे. चौथं ठिकाण म्हणजे काहीच न घडणं. एका सकाळी लक्षात येतं की कित्येक महिन्यांत प्रार्थनेत मन लागलेलंच नाही. हे लिहायला सर्वांत कठीण आणि आमच्या मते सर्वांत खरं. यांतलं एकच मुख्य धरा. फार तर दुसरं एक आधाराला घ्या.

मग कागदावर दोन वाक्यं लिहा. पहिलं : कशावरचा विश्वास गेला, केव्हापासून आणि कशामुळे. दुसरं : तरीही काय शिल्लक आहे. हे दुसरं वाक्य बहुतेक लेखक लिहीतच नाहीत आणि त्यांचा नायक सुरुवातीपासूनच सुटलेला, मोकळा माणूस वाटतो. श्रद्धा गेली तरी भीती राहते, सवय राहते, एखादी ओळ जिभेवर राहते. न मानणाऱ्या मुलाच्या हातून ग्रंथ खाली पडला तर तो चटकन उचलून कपाळाला लावतो आणि मग कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघतो. अशा किमान तीन शिल्लक गोष्टी ठरवून ठेवा. पुस्तकभर त्या कामाला येतात.

धर्म मात्र नेमका हवा. कुणी दुखावू नये म्हणून ‘एक धर्म, एक पंथ, एक पवित्र ग्रंथ’ असं मोघम ठेवलं की घर खोटं वाटायला लागतं. तुम्हाला आतून माहीत असलेला एक धर्म आणि त्यातला एक पंथ घ्या. त्या घराचा दिवस तासांत मांडा : उठायची वेळ, काय म्हणायचं, कुठे बसायचं, कोणती वस्तू कुणी हाताळायची, कुणी हात लावायचा नाही. शेवटी एक यादी करा : या घरात गैरहजर राहायला कोणती कारणं चालतात? आजारपण, परीक्षा, प्रवास, पाहुणे. ही यादी फार मोलाची आहे. मुलाची सगळी खोटी कारणं यातूनच येणार आणि ती एकेक करून संपणार.

बापाला काय मिळालं

अशा कादंबऱ्या सर्वांत जास्त फसतात त्या बापामुळे. कडक आवाज, उगारलेला हात, ‘माझ्या घरात हे चालणार नाही’ – असा बाप दहा पानांत संपतो, कारण त्याच्याकडून आणखी काही कळण्यासारखं उरत नाही.

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी बापाच्या तोंडून १,५०० शब्द लिहा. हे पुस्तकात घालायचे नाहीत. तीन प्रश्नांची उत्तरं त्यात आली पाहिजेत. श्रद्धेने त्याला कशातून बाहेर काढलं? दारू, दारिद्र्य, शोक, एकटेपण, काहीही असेल. मुलाबद्दल त्याला नेमकी कसली भीती वाटते? अश्रद्ध माणूस कायमचा वाया जातो असं जो मनापासून मानतो, त्याच्या दृष्टीने मुलाला प्रार्थनेला बसवणं म्हणजे वाहत्या पाण्यातून ओढून काढणं. तो कडकपणा हेच त्याचं प्रेम आहे. आणि तिसरा प्रश्न : त्याने मुलापासून काय लपवलं आहे?

बापाचंही खोटं असलंच पाहिजे. फक्त मुलगा खोटा असेल तर पुस्तक आरोपपत्र होतं. फक्त बाप खोटा असेल तर सूड होतो. इथे अनेकांच्या हाताशी पहिल्यांदा येतो तो पैशाचा अपहार, म्हणजे बापाने देणग्यांचे पैसे खाल्ले. हे टाळा. चोर बापाला नाकारणं मुलाला फार सोपं जातं, त्यात त्याचा कस लागत नाही. त्यापेक्षा असं बघा : तरुणपणी एका रात्री आपल्याला साक्षात्कार झाला ही गोष्ट बाप वर्षानुवर्षं लोकांना सांगत आला आहे. ऐकून लोक धीर धरतात, रडतात, पालटतात. खरं काय घडलं होतं आणि सांगता-सांगता किती वाढलं, हे आता त्यालाही नीट सांगता येणार नाही. या खोट्याने लोकांचं भलं झालेलं आहे, आणि म्हणूनच त्याचं काय करायचं हे मुलाला सुचत नाही.

किमान एका प्रसंगात वाचकाला बापाचं म्हणणं पटलं पाहिजे. असा प्रसंग हस्तलिखितात दाखवता येत नसेल तर बाप अजून लिहून झालेला नाही.

खोट्याची वही

एक वेगळी वही करा किंवा संगणकावर तक्ता. रकाने सात : कोण बोललं, कुणाला, नेमके शब्द किंवा कृती, खरं काय होतं, कुणाकुणाला माहीत आहे, टिकवायला पुढे काय करावं लागलं, कुठे उघडं पडलं.

एक नोंद अशी दिसेल. कोण : मुलगा. कुणाला : बापाला. कृती : रात्रीच्या वाचनात ग्रंथातल्या चार ओळी गाळल्या. खरं : त्या ओळी उच्चारणं त्याला आता जमत नाही. कुणाला माहीत : त्याच्या समजुतीप्रमाणे कुणालाच नाही. टिकवायला : रोज त्याच ठिकाणी अडखळल्यासारखं करावं लागतं. उघडं : अजून नाही.

मोठं खोटं एकच असावं आणि त्याला उभं ठेवणारी लहान खोटी आठ ते बारा. प्रत्येक लहान खोट्याची किंमत कुणालातरी मोजायला लावा. बहिणीला साक्ष द्यावी लागते, आईला विषय बदलावा लागतो, मित्राचं घरी येणं बंद होतं. किंमत नसलेलं खोटं वहीतून काढून टाका, ते पुस्तकातही नुसती जागा अडवतं.

खोट्याच्या जातीही पाहून घ्या. गप्प राहणं, अर्धं सांगणं, कृतीने फसवणं, उघड खोटं बोलणं आणि स्वतःला फसवणं. नवा लेखक उघड खोट्यावर भर देतो, पण घरातली माणसं एकमेकांशी उघड खोटं क्वचित बोलतात. गप्प राहणं आणि अर्धं सांगणं यांचं प्रमाण सर्वांत जास्त ठेवा. स्वतःला फसवणं कथेत कधीही नाव देऊन सांगू नका. ‘बाबांना त्रास होऊ नये म्हणून मी सांगितलं नाही’ असं मुलगा म्हणतो, एवढं पुरे. तो स्वतःला वाचवतो आहे हे वाचकाला कळतं.

प्रत्येक खोटं निदान दोनदा दिसायला हवं, एकदा बोललं जाताना आणि एकदा सांभाळलं जाताना. दुसऱ्या प्रकरणात सांगितलेलं कारण लेखक स्वतःच विसरतो आणि नवव्या प्रकरणात बापाला ते आठवायला हवं होतं हे वाचक ओळखतो. वही ठेवायची ती मुख्यतः यासाठी.

आराखडा : ८०,००० शब्दांचा हिशेब

८०,००० शब्द धरले तर साधारण २,००० शब्दांचे ४० प्रसंग होतात. आकडे हलवता येतात, प्रमाण शक्यतो हलवू नका.

मुलाचं खोटं वाचकाला पहिल्या ८,००० शब्दांच्या आत माहीत व्हावं. ते रहस्य म्हणून शेवटपर्यंत दडवण्याचा मोह होतो, पण लपवणारा माणूस आतून पाहण्यातच या विषयाची सगळी गंमत आहे. वाचकाला माहीत नसेल तर साधं जेवणाचं दृश्यही साधंच राहतं. माहीत असेल तर ‘आज गेला होतास ना?’ या चार शब्दांनी धडकी भरते.

२०,००० च्या आसपास खोटं मागे घेता येणार नाही असं काहीतरी घडवा. शिक्षेपेक्षा सन्मान इथे जास्त काम करतो. बाप चारचौघांत मुलाचं कौतुक करतो आणि पुढच्या मोठ्या प्रार्थनासभेचं नेतृत्व त्याच्यावर सोपवतो. आता खरं सांगणं म्हणजे बापाला सगळ्यांसमोर खाली पाडणं.

मधल्या भागात तिसरं माणूस ओढलं गेलं पाहिजे, बहुतेक वेळा आई किंवा भावंड. ते माणूस दोघांचे निरोप पोचवता-पोचवता दोघांशीही खोटं बोलायला लागतं. ४०,००० ते ४५,००० च्या दरम्यान मुलाला बापाचं खोटं सापडतं. सापडायची वस्तू छोटी असावी : जुन्या पत्रातली तारीख, बापाच्या जुन्या सोबत्याने सहज सांगितलेली आठवण. इथून मुलाच्या हातात शस्त्र आलं. तो ते वापरेल का, या प्रश्नावर पुढची १५,००० शब्दांची वाट सहज निघते.

६०,००० ला उघड होऊ द्या आणि उरलेला चतुर्थांश भाग नंतरच्या दिवसांना द्या. बरेचजण इथे दहा पानांत आटोपतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्याच घरात उठणार आहेत, प्रार्थनेची वेळ होणार आहे. बाप हाक मारेल का? मुलगा दारात उभा राहील की आत बसेल? इतके दिवस ज्यासाठी वाचलं ते वाचकाला इथे मिळतं.

सांगणारा कोण

मोठा झालेला मुलगा ‘मी’ म्हणून सांगतो, हा सर्वांत वापरला जाणारा मार्ग. त्यात एकच धोका : आजचा शहाणपणा तेव्हाच्या मुलाच्या डोक्यात शिरतो. एका प्रकरणात फार तर एकदाच आजच्या माणसाला बोलू द्या. तृतीयपुरुषी, पण मुलाच्या खांद्याशी राहून सांगणं पहिल्या कादंबरीला जास्त सुरक्षित. एक प्रकरण बापाचं, एक मुलाचं अशी आलटून-पालटून मांडणी आकर्षक दिसते. मात्र दोघांची मनं उघडी झाली की ताण निघून जातो. ती निवडलीत तर दोघांनीही आपल्या प्रकरणात काहीतरी न सांगता ठेवलं पाहिजे.

दोघांचं बोलणं

इथे घाई करू नका. बाप-लेक ज्यावर भांडताहेत त्यावर ते बोलत नाहीत, हा नियम धरा. बोलणं दुसऱ्याच गोष्टीवर हवं आणि हात कशाततरी गुंतलेले हवेत.

बिघडलेला संवाद असा असतो :

“बाबा, माझा आता देवावर विश्वास राहिलेला नाही. या घरात माझा जीव गुदमरतो.”

“माझ्या सगळ्या संस्कारांवर तू पाणी फिरवलंस!”

दोघांनाही स्वतःच्या मनातलं नेमकं ठाऊक आहे आणि दोघंही ते पूर्ण वाक्यांत सांगतात. प्रसंगाला पुढे जायला जागाच नाही. आता वहीतली चार ओळींची नोंद घेऊन लिहून पाहू :

त्याने चार ओळी गाळल्या आणि आवाज तसाच ठेवला. बाबांचे डोळे मिटलेले होते, ओठ मात्र हलत होते. पान संपलं तेव्हाही ते हलतच होते. तो थांबला. त्यांचे ओठ मिटेपर्यंत थांबला आणि मग पान उलटलं.

ग्रंथ बांधून ठेवताना बाबा म्हणाले, “दिवा कमी पडतो का रे तुला?”

“नाही. दिसतं.”

“उद्या मोठा लावू.”

बापाने गाळलेल्या ओळी मनातल्या मनात पूर्ण केल्या. मुलाने ते पाहिलं आणि तो थांबला, म्हणजे आपण काय केलं हे त्याने न बोलता कबूल केलं. बापाने लगेच त्याला एक कारण देऊ केलं. दया म्हणून की खरं ऐकायची भीती वाटली म्हणून, हे सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी मोठा दिवा लागलेला दाखवा. आता दिसत नाही हे कारण संपलं आणि त्या चार ओळी पुढे उभ्या आहेत. एका प्रसंगातून पुढचा प्रसंग असा निघाला पाहिजे.

मुलगा बापाला ‘तुम्ही’ म्हणतो की ‘तू’, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत मोडू नका. अगदीच मोडायचं तर पुस्तकात एकदाच. आयुष्यभर ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडून एका क्षणी ‘तू’ निघालं की निराळा आरडाओरडा लिहावा लागत नाही.

धर्मावरचा थेट वाद पुस्तकात फार तर एकदा, १,५०० शब्दांच्या आत. त्यात बापाला सर्वांत भक्कम मुद्दा द्या. ‘शंका मलाही आली होती, मी तरीही बसत राहिलो’ असं म्हणणारा बाप ‘शंका घेणं पाप आहे’ म्हणणाऱ्या बापापेक्षा कितीतरी जड जातो. मुलगा वादात जिंकणार असेल तर त्याच प्रसंगात त्याच्याकडून काहीतरी हिसकावून घ्या. वाद ऐकून आई उठून जाते, एवढंही चालतं.

उघड कसं व्हावं

मुलाने स्वतः सांगणं, तिसऱ्याकडून कळणं, आणि ‘मला पहिल्यापासून माहीत होतं’ असं बापाने म्हणणं – असे तीन मार्ग आहेत. तिसरा सर्वांना आवडतो आणि बहुतेक वेळा सवंग होतो, कारण त्यात बाप एकदम थोर ठरतो. तो वापरायचा असेल तर त्याचं हे माहीत असणंसुद्धा खोट्यातच धरा. इतके महिने मुलगा एकटा जळत होता आणि बाप पाहत राहिला, याचा जाब मुलाने विचारला पाहिजे. मागच्या प्रकरणांत त्याच्या तीन खुणा पेरलेल्या हव्यात, दिव्यासारख्या, दुसऱ्या वाचनात दिसतील अशा.

मरणशय्येवरचा समेट टाळा. बाप मरायचाच असेल तर त्याला दोन-तृतीयांशावर, खोटं उघड होण्याआधी जाऊ द्या. ज्यावर विश्वास नाही ते अंत्यविधी मुलाला लोकांसमोर करावे लागतील आणि ते तो नीट करेल की मुद्दाम चुकवेल, यावर उरलेलं पुस्तक चालेल.

स्वतःच्या वडिलांवरून लिहीत असाल तर

सॅम्युअल बटलर या इंग्रज लेखकाने ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’ ही कादंबरी १८७३ ते १८८४ या काळात लिहिली आणि जिवंतपणी छापली नाही. त्याचे धर्मोपदेशक वडील १८८६ मध्ये गेले, तो स्वतः १९०२ मध्ये गेला, पुस्तक १९०३ मध्ये आलं. इंग्रज समीक्षक एडमंड गॉसचं ‘फादर अँड सन’ हे आत्मकथन १९०७ मध्ये निघालं तेव्हा त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. वडिलांना जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. बटलरच्या कादंबरीतल्या बापावर लेखकाचा राग इतका आहे की तो माणूस एकसुरी होतो. गॉसचे वडील समुद्रजीवांचे अभ्यासक होते आणि किनाऱ्यावरच्या डबक्यांत मुलाला बरोबर घेऊन फिरणारा तो बाप कडकपणाइतकाच लक्षात राहतो.

बाप आणि मुलगा दोघांनाही कशात रस आहे, जिथे धर्म मध्ये येत नाही, अशी एक गोष्ट तुम्हीही शोधा. ती नसेल तर तुटण्यासारखं काही दिसतच नाही. खऱ्या माणसाचा व्यवसाय, भावंडांची संख्या आणि घटनांचा क्रम मात्र बदला. हे नुसतं लपवण्यासाठी नाही. तपशील बदलले की ‘असंच घडलं होतं’ या हट्टातून लेखक सुटतो आणि प्रसंगाला काय हवं ते पाहू लागतो.

पुनर्लेखन

पहिला खर्डा सहा आठवडे बाजूला ठेवा. मग चार वेळा, दर वेळी एकच काम घेऊन वाचा.

पहिल्या वेळी खोट्याची वही आणि हस्तलिखित जुळवा. दुसऱ्या वेळी फक्त बापाचे प्रसंग क्रमाने वाचा. बाप पहिल्या आणि शेवटच्या प्रसंगात सारखाच असेल तर मधल्या भागात त्याने एकही निर्णय घेतलेला नसतो. तिसऱ्या वेळी ‘शंका’, ‘श्रद्धा’, ‘विश्वास’, ‘अपराधी’, ‘दांभिक’ हे शब्द अधोरेखित करा आणि निदान निम्मे काढा. काढल्यावर वाक्य कोसळत असेल तर तिथे कृती लिहायची राहिलेली आहे. चौथ्या वेळी संवाद मोठ्याने वाचा.

नंतर तीन वाचक गाठा. एक श्रद्धाळू, एक न मानणारा आणि एक त्या पंथात वाढलेला. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवलंत, बापाला कळलं आहे असं प्रथम कुठे वाटलं, कुठे बापाचा राग आला आणि कुठे मुलाचा, एवढंच विचारा. विधींतली चूक तिसरा वाचक दाखवेल, ती लगेच सुधारा. पहिल्या दोघांची उत्तरं शेजारी मांडा. दोघांनाही पुस्तकभर एकाच माणसाचा राग आला असेल तर दुसऱ्याची बाजू तुम्ही सांभाळून घेतली आहे. वहीत त्या दुसऱ्याच्या नावावर एक खोटं वाढवा, त्याची किंमत त्यालाच मोजायला लावा आणि त्या जागेपासून पुढचे प्रसंग पुन्हा लिहा.